अंगणातल्या हिरवळीविषयी, आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

अंगणातली हिरवळ मी काढून टाकली आहे. ताईकडून किंवा शेजाऱ्यांकडून ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी ती माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, ती हिरवळ तुम्ही किती निगुतीने राखली हे मी जवळून पाहिले आहे, आणि म्हणूनच फोनवर दोन वाक्यांत हा विषय उरकणे मला प्रशस्त वाटले नाही. त्या जागी आता आपल्या मातीतल्या रानफुलांचे बी पेरले आहे.

बाबा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसायचे नाही, असे डॉक्टरांनी तुम्हांला बजावले आहे. पण हिरवळ तशीच असती तर घरी परतताच तुम्ही खुरपे हातात घेतले असते. अर्थात, प्रश्न एवढाच असता तर मी माळी लावला असता. सतत कापले जाणारे गवत फुलावर येत नाही, आणि आले तरी त्याचे परागण वारा करतो, म्हणून त्यात मकरंद नसतो. एवढे मोठे अंगण असूनही मधमाशीने तिथे थांबावे असे त्यात काहीच नव्हते, आणि ही गोष्ट मला फार लागली. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे 75 टक्के पिके कमी-अधिक प्रमाणात परागण करणाऱ्या जिवांवर अवलंबून आहेत, आणि रानातल्या सपुष्प वनस्पतींच्या बाबतीत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या जवळ जाते. आपल्या ताब्यातली जमीन आपण त्यांच्या उपयोगी आणू शकतो, हे कळल्यावर मला गप्प बसवेना.

आई, तू म्हणशील की मग आणखी गुलाब लावायचे होते. भरगच्च पाकळ्यांच्या शोभिवंत जातींत बहुतेक पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात पराग जवळजवळ उरत नाहीत. बाबा घाणेरीकडे बोट दाखवतील, आणि तिच्यावर फुलपाखरांची झुंबड उडते हे खरेच आहे; परंतु ती बाहेरून आलेली आहे, रान बळकावत जाते, आणि तिच्यावर येणाऱ्या त्या फुलपाखरांच्या अळ्या तिचे पान खात नाहीत. मोठ्या फुलपाखराला अनेक फुलांचा मकरंद चालतो, अळीचे मात्र ठरावीक झाडावाचून भागत नाही. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या मादीला अंडी घालायला रुई किंवा तिच्या कुळातले झाड हवे असते. रुईच्या चिकातले विष अळी अंगात साठवते आणि पुढे पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. म्हणून मी रुई लावली आहे, तेरडा आणि खुळखुळा पेरला आहे, आणि बी बारीक असल्यामुळे ते वाळूत मिसळून मातीवर नुसते दाबले आहे.

लहानपणी लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी पाहून मी किंचाळले होते, तेव्हा आई, तू मला कडेवर घेऊन रोज तिच्याकडे नेत होतीस. किड्याला घाबरायचे नसते हे मी तुझ्याकडूनच शिकले, आणि आज तुला मधमाश्यांची धास्ती वाटेल म्हणून तुझीच समजूत घालत आहे. अंगणात येतील त्यांतल्या बऱ्याच माश्या एकेकट्या राहणाऱ्या असतील. त्यांचे पोळे नसते, त्यामुळे राखण्यासाठी त्या झुंडीने अंगावर येत नाहीत. चिमटीत पकडल्याशिवाय सहसा चावतही नाहीत. तरीही तुझ्या खुर्चीपासून फुलांचा पट्टा मी मुद्दाम लांब ठेवला आहे. तुळस आणि मोगरा जागचे हललेले नाहीत. फाटकापासून ओट्यापर्यंतची वाट तुझा वॉकर सहज जाईल इतकी रुंद आणि सपाट केली असून तिच्या कडेला कठडा बसवला आहे. संध्याकाळी बसायचा बाक होता तिथेच आहे, आणि वाटेलगत गुडघ्यापेक्षा उंच वाढणारे काहीही लावलेले नाही, म्हणजे पाय कुठे पडतो ते स्पष्ट दिसेल.

आता काही गोष्टी मात्र माझ्याच ऐकायच्या. बाबा, या वाफ्यांना खत घालायचे नाही, कारण कसदार मातीत गवत माजते आणि रानफुले दबून जातात. कीटकनाशक तर कोपऱ्यातल्या झाडावरही फवारायचे नाही. त्यांतली काही औषधे झाडाच्या रसात भिनून थेट मकरंदापर्यंत पोहोचतात. पाने कुरतडलेली दिसली तर आनंद मानावा. कुंपणाजवळचा उघड्या मातीचा तुकडा तसाच राहू द्यावा, कारण बहुसंख्य जातींच्या मधमाश्या जमिनीतच बिळे करतात, आणि वाळलेली खोडे लगेच उपटू नयेत, त्यांच्या आत कोणीतरी मुक्कामाला असते. रुई मागच्या भिंतीलगत आहे. तिचा चीक डोळ्यांना घातक असतो, तेव्हा तिला हात लावायचा नाही, आणि चुकून लागलाच तर डोळ्याला हात न लावता आधी साबणाने स्वच्छ धुवायचा. पाण्याचा पाइप ओढायचा नाही, ते काम माझे. गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि ताईशी त्यावरून वाद घालायचा नाही.

पहिल्या वर्षी अंगण विस्कटलेले दिसेल. बाबा, तुमच्या नीटनेटकेपणाला ते खुपेल याची मला जाणीव आहे, म्हणून वाफ्यांच्या कडा मी तुमच्या पद्धतीने दोरी लावून सरळ आखल्या आहेत. ओट्यासमोरची एक पट्टी मी रिकामी ठेवली आहे. तिथे काय लावायचे ते तुम्ही सांगावे; तुम्ही वांगी म्हणालात तरी चालेल, कारण वांग्याच्या फुलातले पराग झटकून बाहेर काढायला लागणारी थरथर भुंग्याला उत्तम जमते, आणि भुंगे आता येऊ लागतील. पाऊस सुरू होण्यापूर्वी कळवा, म्हणजे मी माती तयार करून ठेवीन.

तुमची,
धाकटी