त्वचेवर डाग उमटेपर्यंत थांबू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची चर्चा बहुधा तळहातावरच्या खरखरीत गाठी आणि कर्करोग यांपाशीच थांबते. मात्र त्वचेची ही लक्षणे दिसायला साधारणपणे पाच किंवा त्याहून अधिक वर्षे जातात. तोवर रोगांशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी हे विष निमूटपणे सोसत असतात, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आर्सेनिकची सगळी संयुगे सारखी घातक नसतात. माशांमध्ये आढळणारे आर्सेनोबीटेन जवळजवळ निरुपद्रवी असून ते लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. त्रिसंयुजी असेंद्रिय आर्सेनिक मात्र (म्हणजे तीन बंध जोडणारे, कार्बनशी न बांधलेले रूप, ज्याच्या ऑक्साईडला आपण सोमल म्हणतो) प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटून त्यांचे कामच बंद पाडते. यकृत त्याला मिथिल गट जोडून बाहेर टाकू पाहते, पण या खटाटोपात तयार होणारे एक मधले संयुग मूळ विषाहूनही जहाल असते.

जंतू गिळणारी निरोगी महाभक्षी पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत तळाला चिकटून ऐसपैस पसरते. आर्सेनिकचा स्पर्श झाला की तीच पेशी आकसून गोल होते, तळाची पकड सोडते आणि तिचे भक्षण मंदावते. टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची गतही वेगळी नाही. इंटरल्यूकिन-2 हा संदेश त्या पुरेसा पाठवत नाहीत आणि त्यांची संख्या वाढायची तशी वाढत नाही. एका विशिष्ट रक्तकर्करोगावर हेच सोमल मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध म्हणून दिले जाते, परंतु नकळत रोज पोटात जाणाऱ्या पाण्याला तो न्याय लावता येणार नाही.

चिलीतील आंतोफागास्ता शहरात 1958 ते 1970 या काळात पाण्यात लिटरमागे सुमारे 860 मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा 10 आहे. त्या काळात गर्भात किंवा बाल्यावस्थेत असलेल्यांमध्ये ऐन तारुण्यात श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या विकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाले. याचा सगळा दोष दुबळ्या प्रतिकारशक्तीवर टाकणे घाईचे होईल, तरीही ती शंका दुर्लक्षिण्याजोगी निश्चितच नाही.

म्हणून जिथे पाण्यात आर्सेनिक सापडेल तिथे केवळ त्वचा तपासून कोणालाही निरोगी ठरवू नये. लहान मुलांना वारंवार होणारे श्वसनाचे संसर्ग आणि गरोदर स्त्रियांच्या पिण्याचे पाणी यांची नोंद पहिल्याच तपासणीत व्हावी. पाणी उकळल्याने हे विष जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते, हेही त्याच वेळी घरोघरी सांगितले जावे.

आपली नम्र,
एक वाचक