राजापूर मतदारसंघाचे जुने कागद द्या – वाचनालयाचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

२००९ च्या निवडणुकीला आपण ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’चे मतदार झालो आणि ‘राजापूर लोकसभा मतदारसंघ’ हे नाव जुन्या कागदांवरच उरले. ते कागद तरी टिकावेत, म्हणून हे पत्र.

१९५७ ते २००४ या काळात तेरा निवडणुका झाल्या, खासदार मात्र चारच. बॅ. नाथ पै तीनदा, प्रा. मधु दंडवते पाचदा, १९९१ ला सुधीर सावंत आणि पुढे चार वेळा सुरेश प्रभू. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतसुद्धा इथल्या मतदाराने दंडवत्यांना सोडले नाही. हे आकडे निवडणूक आयोगाकडे आहेत. आम्हाला हवे आहे ते दुसरेच. निवडून आलेल्यांची निशाणी आधी झोपडी, मग नांगरधारी शेतकरी, मग चक्र, १९९१ ला हात, शेवटी धनुष्यबाण. ही निशाणी गावातल्या भिंतींवर कोणी रंगवली? सभेला माणसे होडीतून कशी आली? मुंबईच्या चाकरमान्याने ‘मत अमक्यालाच’ म्हणून घरी धाडलेले कार्ड कोणाच्या फडताळात आहे?

गेल्या पावसाळ्यानंतर एका घरी माळ्यावरची ट्रंक उघडली. वरच १९७१ चे हस्तपत्रक, झोपडीचे चित्र अगदी स्वच्छ. उचलले, तर खालच्या गठ्ठ्याची वाळवीने माती केलेली. ते एक पान तेवढे हाती लागले.

पडलेल्या उमेदवारांचे कागद आवर्जून द्या, पक्ष कुठलाही असो. बंबात जाण्यात पहिला नंबर त्यांचाच लागतो. मूळ कागद द्यायचा नसेल तर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

स्कॅनर, लोखंडी कपाट आणि कागद ठेवायच्या खोक्यांसाठी देणगी हवी आहे. रक्कम कितीही असो, पावती मिळेल. त्याहून निकड आहे ती मोबाइलवर आठवणी टिपून घेणाऱ्या मुलामुलींची. १९५७ ला मताचे वय एकवीस होते. तेव्हा मत दिलेली माणसे आज नव्वदीला टेकली आहेत. गणपतीत सगळे घरी असतात, तेव्हा त्यांना बोलते करा.

कागद पावसाळ्याआधी वाचनालयात पोचवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल धरते. जुन्या सुती धोतरात गुंडाळून आणा.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ