ताणाने पेशी मरत नाहीत, आक्रसतात

मा. संपादक,

‘ताणामुळे मेंदूच्या पेशी मरतात’ हे वाक्य जाहिरातींत आणि व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतं. ते वाचून रुग्ण धसका घेतात, आणि ‘आता गोळ्या घेऊन काय उपयोग’ म्हणत उपचार अर्धवट सोडतात.

ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. तेवढ्यापुरतं ते उपयोगीच. पण आठवडेच्या आठवडे चढं राहिलं, की स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात. पेशी बहुतांशी जिवंतच असते. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या खुरटल्या. भीतीशी निगडित अमिग्डालातल्या मात्र वाढल्या. पुढच्या प्रयोगात उंदरांना २१ दिवस ताणमुक्त ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला नाही. कर्ज फिटल्यावरही छातीतली धडधड का जात नाही, याचा धागा मला इथे दिसतो.

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनामुळे चेतापेशींतल्या, ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढतात आणि पेशी ताण अधिक सोसते. हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत दिसलं, हे विसरू नये. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या याच सेरोटोनिनवर काम करतात. अडचण अशी, की मळमळ आणि अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात येते, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नेमक्या त्याच दिवसांत गोळ्या बंद होतात. दुसरी गळती बरं वाटू लागल्यावर. त्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं. एकदम तोडलं तर चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात, आणि लोक त्यालाच ‘सवय लागली’ म्हणतात. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा असतो.

चालण्याने मेंदूला होणाऱ्या फायद्याचा पुरावा मात्र माणसांतला आहे. २०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासात अर्ध्यांनी आठवड्यातून तीन दिवस चालायचं होतं: सुरुवात १० मिनिटं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात ४०. वर्षाने त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा १.४ टक्के घटला. वेग असा हवा, की दम लागेल पण बोलता येईल. पहिल्याच दिवशी ४० मिनिटं चालणारे गुडघे धरून बसतात.

विनंती एवढीच, की ताणाविषयीच्या बातमीखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

– एक मानसोपचारतज्ज्ञ, पुणे