पकड ताकदीआधी नजरेने होते

कबड्डीतील कमकुवत बचावावर जिममधील व्यायाम हा उपाय सुचवणारा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. ताकद हवीच, पण बहुतेक पकडी सुटतात त्या झडप आधी किंवा उशिरा पडल्यामुळे. चढाईपटूची पुढची हालचाल ओळखणे शिकवता येते, आणि आपल्याकडे सरावात नेमके तेच राहून जाते.

सामन्याची चित्रफीत चढाईपटूचे पाऊल वळताच थांबवावी. हात, लाथ की बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळवायचा जादा गुण), हे बचावपटूने लगेच सांगावे आणि मगच पुढचे दृश्य दाखवावे. हात आणि खांदे हुलकावणी देतात, म्हणून नजर कमरेवर व टेकलेल्या पायावर हवी. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस घेणाऱ्याला मागचा पाय उचलावाच लागतो. सारा भार एका पायावर येतो, तीच कोपऱ्यात उभ्या बचावपटूची घोटा धरण्याची वेळ.

मात्र नुसते तोंडी उत्तर पुरत नाही. तोच प्रसंग लगेच मॅटवर, साखळीतल्या (हात धरून एकत्र बचाव करणाऱ्या) जोडीदारासह खेळावा. चढाईपटूही बदलते हवेत, नाहीतर मुले एकाच गड्याच्या सवयी पाठ करतात आणि स्पर्धेत अनोळखी चढाईपटूसमोर फसतात.

– एक कबड्डी प्रशिक्षक, सांगली