सोनसावरीवरचा लाल आकडा : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेले, तर आमच्या सोनसावरीच्या खोडावर लाल रंगात ४७ असा आकडा टाकलेला. रंग ओला होता, बोटाला लागला. ही सावर मी आणि माझ्या यजमानांनी कॅनने पाणी वाहून जगवली. ते गेल्यावर मी एकटीनं. गुडघे धरतात, तरी पाच लिटरचा कॅन घेऊन चढते. यंदा अंगावर एक पान नसताना ती पिवळ्या फुलांनी भरली होती.

आकडा कशाचा, हे विचारायला एका कार्यालयात दोन चकरा मारल्या. साहेब मीटिंगमध्ये. नागरिकांशी बोलल्याशिवाय टेकडीला हात लावणार नाही, असं मला तिथेच सांगितलं होतं. त्या शब्दाचं काय झालं?

या टेकडीवरून काढायचा बालभारती ते पौड फाटा रस्ता कशासाठी हवाय, ते मला कळतं. लॉ कॉलेज रस्त्याच्या कोंडीत यजमानांची ॲम्ब्युलन्स वीस मिनिटं अडकली होती, मी आत त्यांचा हात धरून बसले होते. तरीही सांगते, टेकडी फोडू नका.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावू म्हणता. टेकडी कुठे लावणार? सुमारे ८०० मीटर उंचीची, शहरातली सगळ्यात उंच जागा आहे ती. बसाल्ट खडकाच्या भेगांतून तिथलं पावसाचं पाणी मुरतं. १:५ पेक्षा, म्हणजे पाच फुटांना एक फूट चढापेक्षा, तीव्र उतारावर बांधकाम नको, हा तुमचाच नियम. तो फक्त आम्हालाच का? जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे फोडलेल्या डोंगरावरून लोंढा आला, महामार्गावर मायलेकी वाहून गेल्या. त्यातून काय शिकलात? मतं मागायला घरी येता, आणि हरकतीची मुदत आम्ही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या जाहिरातीत शोधायची! उन्हाळ्यात टँकर, पावसाळ्यात घरात पाणी, आणि दर वेळी नवा आराखडा. कंटाळलो आहोत आम्ही.

त्या आकड्यांचा अर्थ लेखी कळवा. रस्त्याच्या आखणीचा नकाशा टेकडीच्या पायथ्याशी लावा. आणि एकदा सकाळी सहाला खाणीच्या बाजूनं चढून या, मोर ओरडत असतात. मी सावरीपाशीच असते. रंग आता वाळलाय, घासून निघत नाही.

आपली,
टेकडीवर रोज येणारी एक नागरिक