बॉयलरबद्दल शेवटचं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू "बाबा, घर आमचं आहे" म्हणालीस आणि मी फोन आपटला. चुकलंच. तेव्हापासून आई माझ्याशी "पान वाढलंय" एवढंच बोलते. बॉयलरचं नाव काढणार नाही असं तिला कबूल करून लिहायला बसलोय.

घर गरम ठेवणारा जुना गॅस बॉयलर काढून तुम्ही जो बसवणार, त्या हीट पंपाचं तू पाठवलेलं सगळं वाचलं. एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता म्हटल्यावर आधी थापच वाटली. मग उमगलं, हा तर उलटा लावलेला फ्रीज. बाहेरच्या गारठ्यातली ऊब ओढून घरात टाकतो. पण तुमच्याकडे विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट, तेव्हा बिल उतरेलच असं नाही. त्यात लीड्सचं ते सव्वाशे वर्षांचं घर, 9 इंची भरीव विटा, मध्ये पोकळी नाही. पाणी 45-50 अंशांवरच फिरणार, म्हणजे रेडिएटर मोठे हवेत. 7,500 पौंडांचं अनुदान मिळतंय म्हणून उडी मारू नका. आधी माळ्यावर ऊब अडवणारी 270 मिलिमीटर जाड लोकर, मग खिडक्यांच्या फटी...

सुरू झालं बघ माझं. माफ कर. प्रत्येक खोली टेपनं मोजून कुठून किती ऊब जाते ते तू मांडलंस, तो कागद मी तात्यांना दोनदा दाखवून आलो. त्यांना काही कळलं नाही, पण दाखवला.

आता फटींचंच. पंप येईपर्यंत हा हिवाळा जुन्यावर काढायचा आणि फटी मात्र आत्ताच बुजवायच्या, असं जावईबापू म्हणाले. फायरप्लेसमागचा तो बॉयलर जळायला हवा खोलीतलीच घेतो. डिसेंबरात मी वाकून पाहिलं होतं, ज्योत निळी नव्हती, पिवळी होती, आणि वर भिंतीला काजळी. तेव्हाच बोलायला हवं होतं. पाहुण्यानं कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसलो.

वाड्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची. मोठी आई खिडकीत लाटणं अडकवून फट ठेवायची. थंडी वाजते म्हणून मी एकदा ते काढलं, तर त्याच लाटण्यानं पाठीत बसला. तुझ्या वेळी जानेवारी होता, वाईची थंडी तुला माहीत आहे. रात्रभर मी त्या लाटण्याकडे बघत बसलो होतो. तू झोपेत तोंड वाकडं करायचीस.

सकाळी डोकं दुखतं म्हणालीस, ते सर्दीनंच ना? बाहेर पडल्यावर थांबतं का? गॅस नीट जळला नाही की होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्ताला प्राणवायूच्या 200 पटींहून जास्त चिकटतो. चिंगी दुपारी त्याच खोलीत झोपते. गॅस सेफ या तुमच्याकडच्या अधिकृत यादीत नोंद असलेला गॅसचा माणूस बोलाव, तो बघून जाईपर्यंत बॉयलर बंद ठेव, दोन गोधड्या जास्त घ्या. त्या वायूचा अलार्म लावलास का? रागवू नकोस. लावलास का?

तुझा,
बाबा

ता. क. एफडी दिवाळीत सुटते. अनुदानावर जे कमी पडेल ते सांग. पंपच घ्या. पण त्याआधी अलार्मचा फोटो पाठव, आईच्या फोनवर नको, माझ्या.