सुरमा म्हणजे अँटिमनीच, असे समजू नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चीनने 2024 च्या सप्टेंबरपासून अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यामुळे जगभर उडालेल्या धांदलीविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेख चांगला होता. परंतु त्यातील ‘अँटिमनी म्हणजे आपला घरगुती सुरमा’ हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारले गेले तर लहान मुलांच्या जिवाशी खेळ होईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अँटिमनी हे 51 अणुक्रमांकाचे, चांदीसारखे चकचकीत पण ठिसूळ मूलद्रव्य आहे. त्याची ‘एसबी’ ही संज्ञा ‘स्टिबियम’ या लॅटिन नावावरून आली, आणि ते मुख्यतः स्टिब्नाइट या करड्या-काळ्या खनिजातून, म्हणजे अँटिमनी सल्फाइडमधून, मिळवतात. हेच खनिज वाटून डोळ्यांत घालण्याची चाल फार जुनी आहे, आणि आपल्या रसशास्त्रातील, म्हणजे आयुर्वेदाच्या खनिज-औषधांच्या शाखेतील, स्रोतोंजन म्हणजे हेच, असे सामान्यतः मानले जाते. लेखातील विधान इथपर्यंत बरोबर आहे.

घोटाळा पुढे होतो. शिशाचे गॅलेना नावाचे खनिजही असेच काळे, चमकदार आणि सहज वाटता येणारे असल्यामुळे नुसत्या नजरेने भुकटीतला फरक कळत नाही. प्राचीन इजिप्तमधील काजळाच्या अवशेषांतही बहुतांशी गॅलेनाच सापडले आहे. आज बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या पुड्यांची ठिकठिकाणी तपासणी झाली तेव्हा अनेक नमुन्यांत अँटिमनी नव्हे, तर शिसे निघाले. नाव एका धातूचे राहिले आणि डबीत दुसराच धातू आला. अर्थात खरे अँटिमनी सल्फाइड मिळाले तरी ते बाळाच्या डोळ्यांत घालण्याजोगे नाही, कारण अँटिमनीची संयुगेही विषारी आहेत.

आमच्या अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तेथील एका दुकानातून माझ्या शेजारणीने नातवासाठी बोटभर उंचीची काचेची कुपी आणली. तिच्यावर ‘शुद्ध सुरमा’ एवढेच छापले होते. घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, तारीख यांपैकी काहीही नव्हते. बाळ तीन महिन्यांचे होते. डोळ्यांत घातलेली भुकटी अश्रूंबरोबर नाकात व घशात उतरते आणि बाळ डोळे चोळून तीच बोटे चोखते, हे मी समजावून सांगितले तेव्हा त्या माउलीने कुपी बाजूला ठेवली. पण ‘आमच्या सासूबाईंनी सगळ्या पोरांना घातला, कोणाला काय झाले?’ हा तिचा प्रश्न होताच. शिशाचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते मेंदूच्या वाढीत, शिकण्यात आणि रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये होते. मुलांच्या रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे आणि अँटिमनीची माझी पहिली ओळख डोळ्यांतली नाही, छापखान्यातली आहे. माझे वडील धुळ्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, शिशाचे म्हणवले जात, पण नुसते शिसे इतके मऊ असते की दाबाखाली अक्षराची धार लगेच बसते. म्हणून त्यात अँटिमनी आणि थोडे कथील मिसळत. अँटिमनीमुळे मिश्रण कठीण होई आणि गोठताना फारसे आकसत नसे, त्यामुळे साच्यातील वेलांटी-उकारांचे कोपरेही नीट भरत. जेवणापूर्वी राखेने हात घासून धुतल्याशिवाय वडील आम्हाला जवळ घेत नसत. ती शिस्त शिशासाठी होती, हे मला फार उशिरा उमगले.

आजही मोटारीच्या बॅटरीतील शिशाच्या जाळ्या कठीण करायला, प्लास्टिक लवकर पेटू नये यासाठी आणि पाण्याच्या बाटल्यांचे पॉलिस्टर बनवताना उत्प्रेरक म्हणून अँटिमनी लागते. कालाआजार या वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या तापावर भारतीय डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी तयार केलेले युरिया स्टिबामाइन हे औषधही याच धातूचे संयुग होते. या धातूची महती सांगायला एवढे पुरेसे आहे. त्यासाठी सुरम्याचा आधार घेण्याची गरज नाही.

पुढील वैशाखातील यात्रेपूर्वी, कोणताही सुरमा, विशेषतः घटक न छापलेला, बाळांच्या डोळ्यांत घालू नये, अशी ठळक चौकट आपल्या खान्देश आवृत्तीत द्यावी आणि अन्न व औषध प्रशासनाने यात्रांमधील अशा कुप्यांचे नमुने तपासावेत यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव